मासोळी पायात, अर्थ डोक्यात

जुनी चांदी जमवणाऱ्या माणसाला सुरुवातीला नुसती चांदी हवी असते. एखादा पिळाचा तोडा, जुन्या पेटीच्या तळाशी सापडलेली जोडवी, बाजारात वजनावर घेतलेला कमरपट्टा, एवढ्यावर त्याचं भागतं. पुढे त्याला जुनी चांदी हवी होते, मग खूप जुनी, मग ‘ट्रायबल’. आणि एक दिवस त्याला अर्थ हवा होतो. हा या दुखण्याचा शेवटचा टप्पा. इथवर पोचलेला संग्राहक पायातली मासोळी काचेच्या पेटीत ठेवतो, खाली मखमल अंथरतो आणि शेजारी पुठ्ठ्याचं कार्ड उभं करतो: ‘मत्स्य. सुफलतेचं प्रतीक.’ मोर असला तर ‘प्रेम आणि पर्जन्य’, नाग असला तर ‘पुनर्जन्म’, कोयरी असली तर पुन्हा ‘सुफलता’, आणि नुसतं फूल असलं तर ‘सुफलता व सौंदर्य’. अशी पाचपन्नास कार्डं वाचून झाली की पाहुण्याची खात्री पटते की आपल्या पणज्यांच्या डोक्यात मुलं होण्यापलीकडे दुसरा विचारच नव्हता, आणि तो त्यांनी पायाच्या बोटापासून अंबाड्यापर्यंत जागा मिळेल तिथे नोंदवून ठेवला होता. मुलं होत असत हे खरं. आठआठ, दहादहा होत. पण ती मासोळीमुळे होत असती, तर पाचवं झाल्यावर कुठल्याही शहाण्या बाईने मासोळी काढून फडताळात ठेवली असती. माझं म्हणणं एवढंच आहे की या दागिन्यांना अर्थ असतो, भरपूर असतो. पण तो नक्षीत शोधणं म्हणजे पंगतीला बसून ताटाभोवतीची रांगोळी चाखण्यासारखं आहे. रांगोळी सुरेख असते. पोट मात्र ताटातल्यानेच भरतं.

पहिला पुरावा थेट पायाच्या बोटाचा. आपल्याकडच्या बायकांनी अंगठ्यात अनवट, शेजारच्या बोटात जोडवी आणि पुढच्या बोटांत विरोद्या, मासोळ्या, गेंद असा पायाचा सातबारा पूर्वी भरून टाकलेला असे. त्यातल्या मासोळीचा अर्थ सुफलता, हे ठरलं. आता तापी ओलांडून उत्तरेकडे चला. तिकडे लग्न झालेल्या बाईच्या पायाच्या बोटात जो दागिना असतो त्याला म्हणतात बिछुआ किंवा बिछिया, म्हणजे विंचू. आपल्याकडे हाच शब्द ‘बिचवा’ होऊन आला तो वाकड्या कट्यारीचं नाव म्हणून. म्हणजे बोट तेच, धातू तोच, प्रसंग तोच, सासूही बहुधा तशीच. पण नदीच्या अलीकडे बोटात मासा आणि पलीकडे विंचू. कार्ड लिहिणारा यानेही डगमगत नाही. विंचवाला तो ‘कामवासना’ देतो आणि हिशेब मिटवतो. पण मग प्रश्न उरतो की अलीकडच्या बायकांना वासना नव्हती की पलीकडच्यांना मुलं नको होती? सोनाराला विचारलं असतं तर उत्तर अधिक सोपं मिळालं असतं. बोटावर आडवा बसेल, मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता होईल, वहाणेत अडकणार नाही, असा आकार घडवायला घेतला की पत्र्यातून काहीतरी लांबुळकं निघतं. त्यावर खवल्यांसाठी चार तिरप्या रेघा मारल्या आणि डोळ्याच्या जागी एक टिंब दिलं की झाला मासा. नांगी वळवली की विंचू. हत्ती बोटावर मावत नाही म्हणून तो तिथे आला नाही, हे हत्तीच्या सुफलतेबद्दलचं मत नव्हे. हत्ती भेटतो तो कड्यावर, कारण कड्याला दोन उघडी टोकं असतात आणि उघडं टोक दिसलं की कारागिराचा हात तिथे तोंड काढायला शिवशिवतो. म्हणून गजमुखी कडी, वाघमुखी कडी, मकरमुखी कडी. टोकाला तोंड हवं ही कड्याची गरज. प्राणी कोणता हा नंतरचा विषय.

दुसरा पुरावा नावांचा. आपल्या दागिन्यांची जुनी नावं एका दमात म्हणून पाहावीत: बोरमाळ, जोंधळी पोत, तांदळी पोत, चिंचपेटी, बकुळहार, जवमणी, कोयरी. ही यादी धर्मशास्त्राची कमी आणि वाणसामानाची जास्त वाटते. ज्या बाईचा दिवस जात्यापासून खळ्यापर्यंत जाई तिला मणी दिसला की दाणा आठवला. मोठा मणी बोर, बारीक मणी जोंधळा, त्याहून लांबट तांदूळ. कोयरीचंच पाहा. हा आकार इराणातला बुट्टा म्हणून ओळखला जातो. कुणी त्याला सरूचं वाकलेलं झाड म्हणतं, कुणी ज्योत म्हणतं. काश्मिरी शालीवरून तो युरोपात गेला आणि एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेझली नावाच्या गावातल्या मागांवर त्या शालींच्या इतक्या नकला निघाल्या की इंग्रजीत आकारालाच गावाचं नाव चिकटलं. मराठी बाईने मात्र तो पाहिला आणि म्हणाली, ही तर आंब्याची कोय. इराण नाही, ज्योत नाही, स्कॉटलंड तर नाहीच, लोणच्याचा हंगाम. नाव देण्याची ही पद्धत गूढ नाही, पण तिच्यात बघणाऱ्या डोळ्याची खूण आहे, आणि माझ्या मते ती खूण ‘सुफलते’पेक्षा फार मोलाची आहे. कोल्हापुरी साजाच्या बाबतीत तर हा तंटा अगदी समोरासमोर होतो. साज सोन्याचा, पण मुद्दा तोच. साजाला एकवीस पानड्या. त्यांतल्या दहा दशावताराच्या, आठ अष्टमंगलाच्या, दोन माणिक-पाचूच्या आणि एक डोरल्याची, असा नीटनेटका हिशेब नेहमी सांगितला जातो. मासा, कासव इथवर हिशेब छान चालतो. मग पानड्या मोजता मोजता बोट येतं कारल्यावर. साजात कारलं असतं, भुंगा असतो, वाघनख असतं. आता कारलं हा विष्णूचा कितवा अवतार? अष्टमंगलात घालावं तर कारल्याचं मंगल कुणी ऐकलेलं नाही. कारल्याने एकट्याने एक अख्खी उपपत्ती कडू केली आहे, आणि म्हणून मला ते साजातलं सर्वांत प्रामाणिक पान वाटतं.

मग या चांदीत घालणारीला काय दिसत होतं? पहिल्याप्रथम वजन. खेड्यात चांदी तोळ्यावर मोजत नसत, भारावर मोजत; चाळीस भाराचे तोडे, वीस भाराचा करदोडा. भार म्हणजे रुपयाभार, आणि रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात सुमारे ११.६६ ग्रॅम, बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणजे नाणं हेच वजन आणि वजन हाच दागिना. याचा सर्वांत उघड पुरावा म्हणजे राणीछाप रुपयांची माळ. नक्षीचा अर्थ शोधणाऱ्यासाठी ही माळ म्हणजे मोठीच पंचाईत आहे, कारण तिच्यावरची नक्षी म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, आणि तोही पंधरा-वीस वेळा. शेतकऱ्याच्या बायकोने परक्या राणीला गळ्यात का मिरवावं? राजनिष्ठा म्हणावी तर सारा भरताना ती कुणाच्या तोंडावर दिसली नाही. मातृदेवता म्हणावी तर राणीला नऊ मुलं होती हे जमेस धरता येईल, पण ते गावात कुणाला माहीत होतं? खरं कारण दोन शब्दांत होतं: चांदी चोख. राणीचं तोंड म्हणजे हमी. पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला, तेव्हा राणीछाप रुपयाचा मान आणखी वाढला. म्हणजे नक्षीला अर्थ होता, मी मागे घेतो. पण तो पुराणात नव्हता, टांकसाळीत होता. बाई नक्षी वाचत होती, आणि अगदी बरोबर वाचत होती.

टांकसाळ आणि तोडा यांचं हे नातं दोन्ही बाजूंनी चालत असे. सुगी चांगली झाली की रुपये मुशीत जात आणि तोडे बाहेर येत. दुष्काळ पडला की तोडे मुशीत जात आणि रुपये बाहेर येत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात चांदीचे दागिने ढिगांनी मुंबईच्या टांकसाळीत येऊन पडले. ज्यांच्या घरात दाणा उरला नव्हता त्यांनी आधी जोंधळ्याच्या आकाराचे मणी विकून जोंधळा आणला. मण्यांना दाण्याचं नाव देणारीला हा व्यवहार आधीच दिसला असेल असं वाटत राहतं. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होतं; त्यानंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहिली आणि घराघरातले तोडे एका कायद्याने हलके झाले. वजन तेच, मोल कमी. एवढी मोठी उलथापालथ झाली तरी मासा मासाच राहिला आणि मोर मोरच. नक्षीत कुठेही त्याची नोंद नाही. आणि आजही मोड द्यायला गेलं तर सोनार काय करतो? कस बघतो, डागाची म्हणून घट धरतो, उरलेल्या वजनाला भाव लावतो. घडणावळ परत मिळत नाही. मोराला शून्य, नागाला शून्य, दशावताराला एकरकमी शून्य. भावनेला एवढं निर्विकार उत्तर देणारं यंत्र सोनाराच्या काट्याइतकं दुसरं नसेल.

इथेच जुनेपणाबद्दलही बोलून घ्यावं, कारण अर्थाच्या मागोमाग संग्राहकाला काळ हवा असतो आणि काळ त्याला अक्षरशः काळा हवा असतो. ज्याला दुकानात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात त्यात ऑक्सिजनचा हात जवळजवळ नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी. म्हणून नवा तोडा गंधकाच्या द्रावणात बुडवून, वरचा भाग जरा घासून, खाचांतला काळा तसाच ठेवून शंभर वर्षांचं वय एका दुपारीत देता येतं. गंमत ही की ज्या बाईचा तो तोडा म्हणून सांगितला जातो तिने आयुष्यभर रिठा, चिंच आणि राख लावून तोच काळेपणा घासून काढला. तिचा तोडा लखलखीत होता. संग्राहक पैसे मोजतो ते तिने टाकून दिलेल्या मळाचे. नाणी जडवलेल्या दागिन्यात काळ शोधणाऱ्यांची फसगत आणखी मजेची. अरबी मुलखातल्या चांदीच्या दागिन्यांत मारिया थेरेसा राणीचा ठसठशीत डॉलर लटकलेला असतो आणि त्यावर साल असतं १७८०. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण राणी त्या साली वारली आणि पुढे ते नाणं व्यापाराच्या सोयीसाठी तेच साल घालून दीड-दोन शतकं पाडलं गेलं. व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये, आणि १९४०-४१ मध्ये चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. तेव्हा १७८० चा म्हणून आखातातून जपून आणलेला दागिना बोरीबंदराच्या आसपासचा निघण्याची शक्यता अगदीच दुर्लक्षण्यासारखी नाही. नाणं एवढंच सांगतं की दागिना त्या नाण्याच्या आधीचा नाही. आणि हे नाणं तर तेवढंही सांगताना खोटं बोलतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की नक्षीला काहीच अर्थ नसेल तर निवड अशी ठरावीक का? मासा, मोर, नाग, कमळ, चंद्र, सूर्य पुन्हा पुन्हा येतात. झुरळ कधी येत नाही, उंदीर गणपतीच्या पायाशी बसूनसुद्धा कुणाच्या गळ्यात शिरला नाही. हे मान्यच करायला हवं. शुभ-अशुभाची एक ढोबळ चाळणी असते आणि झुरळ तिच्यातून पडतं. पण चाळणी म्हणजे निरोप नव्हे. घरी आलेल्याला आपण ‘या, बसा’ म्हणतो. त्यातल्या ‘बसा’वर कुणी प्रबंध लिहीत नाही, आणि ‘उभे राहा’ म्हणत नाही एवढ्यावरून बसण्याचं तत्त्वज्ञानही काढत नाही. दागिन्यातला मासा हा तसा ‘बरं असो’ आहे. तो म्हणतो, चांगलं होवो. काय चांगलं ते ज्याने त्याने ठरवावं. मुलगा हवा त्याला मुलगा, पाऊस हवा त्याला पाऊस, आणि सासू माहेरी जावी असं वाटणाऱ्या सुनेला तेही. एकाच ठशाचा मासा अख्ख्या आळीच्या पायांत जात असे, म्हणून त्याचा अर्थ इतका सैल असणं हीच त्याची सोय होती. कार्डावरचा एकच नेमका अर्थ म्हणजे शुभेच्छेचं फर्मान करून टाकणं.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट बाजूने येतो. काही दागिने तर सरळ बोलतात, त्यांचं काय? बंजारा बाईच्या केसांत गुंफून कानांशेजारी लोंबणाऱ्या घुगऱ्या आणि टोपल्या पाहिल्या की तांड्यातल्या पोरालाही कळतं की ही लग्न झालेली. तान्ह्याच्या पायातले घुंगराचे वाळे माजघरातल्या आईला सांगतात की पोर अंगणात कुठवर रांगत गेलं. कमरेला खोचलेला छल्ला सांगतो की कोठीच्या किल्ल्या आता कुणाकडे आहेत. आणि ज्या घरात सून आहे तिथे ही बातमी वर्तमानपत्रापेक्षा महत्त्वाची. पायात चांदी आणि वर सोनं, हा नियम सांगतो की लक्ष्मीला पायात घालायचं नाही; तो हेही सांगतो, जरा हळू आवाजात, की चिखलात हरवायचं असेल तर स्वस्तातलं हरवावं. या सगळ्याला अर्थ आहे आणि तो निश्चित आहे. पण तो कुठे बसलेला आहे ते बघा. घुगरीवर कोणतं फूल आहे याने काही फरक पडत नाही. ती केसांत आहे की नाही याने पडतो. वाळ्यावर मोर असला काय नि नसला काय, घुंगरू वाजलं पाहिजे. अर्थ जागेत आहे, आवाजात आहे, कुणी घातलं आणि कुणी घालायचं नाही यात आहे. काचेच्या पेटीत ठेवल्याबरोबर नेमकं हेच सगळं गळून पडतं आणि फक्त नक्षी उरते. मग ओकंबोकं वाटू नये म्हणून तिला अर्थ चिकटवावा लागतो. अलीकडे हे चिकटवण्याचं काम मोबाइलवरच्या निरोपांनी विज्ञानाच्या नावाने हाती घेतलं आहे: जोडव्याने म्हणे बोटातली नस दाबली जाते, ती नस गर्भाशयाला जाते, आणि चांदी पृथ्वीची ऊर्जा ओढून वर पाठवते. या शास्त्रात पुरुषांच्या पायाला पृथ्वी ऊर्जा का देत नाही याचा खुलासा अजून आलेला नाही.

जागेच्या या व्याकरणात एक क्रियापद मात्र हसण्यासारखं नाही: काढणं. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं आणि जोडवी काढायची. तिथे मासोळीचा मासा एक शब्द बोलत नाही. बोलतं ते रिकामं बोट, आणि ते सगळ्या गावाला ऐकू जातं. जोडव्याचा खरा अर्थ कुणाला पाहायचाच असेल तर तो त्या बोटावरच्या फिकट, दबलेल्या वर्तुळात होता. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की या प्रथा आपल्या गावात बंद. जोडवी काढणंही त्यात होतं. मग त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदलतं असं कुणी समजू नये. पण माझ्या युक्तिवादाला यापेक्षा पक्का पुरावा सापडणार नाही. शेजारच्या हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे. तिथे घरोघरी चांदीचं काम चालतं, कुणी तार ओढतं, कुणी घुंगरू करतं, कुणी डाग देतं, आणि तिथले पैंजण देशभर वाजतात. त्यांच्या ठशांत एका रेघेचाही फरक न होता शेजारच्या तालुक्यातल्या गावात दागिन्याचा अर्थ बदलला, आणि बदलला तो माणसांनी हात वर करून. प्रतीकांचा कोश ठरावासोबत जोडल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप संग्राहकाच्या बाजूचा आहे आणि तो मी पडतं घेऊन मान्य करतो. तो म्हणेल, माझी कार्डं खोटी असतील, पण मी नसतो तर हा तोडा कधीच मुशीत गेला असता. हे अगदी खरं आहे. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पलीकडे गेल्यापासून तर जुन्या तोड्याचं आयुष्य पुढच्या लग्नसराईपुरतं उरलं आहे; चाळीस भाराचा तोडा आता कुणाच्या पायाला पेलत नाही, पण त्याचे हलके पैंजण, ताटवाटी आणि निरांजन सहज होतात. सोनार नक्षीला शून्य देतो हे आपण पाहिलंच. या अख्ख्या साखळीत नक्षीसाठी वजनावर चार पैसे जास्त मोजणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे हा संग्राहक. आणि तो ते मोजतो कारण दुकानदाराने त्याला दशावताराची कथा ऐकवलेली असते. म्हणजे कथा ही उशिरा मिळालेली घडणावळ आहे. ज्या कारागिराने फुंकणीने डोळे लाल करून तो मोर काढला त्याला ती मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. पण मोर वाचतो. एक थाप ऐकून एक खरी वस्तू वाचत असेल तर थापेला थोडं सोसावं. पुण्यातल्या केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. पण त्यांनी जमवलं काय, तर दिवे, अडकित्ते, दौती, घराघरातल्या हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तू. अज्ञातवासी हे नाव त्या वस्तू वापरणाऱ्यांनाच जास्त शोभलं असतं.

तेव्हा जमवा, जरूर जमवा. फक्त कार्ड बदला. ‘सुफलता’ या शब्दाला जेवढी जागा लागते तेवढ्यात पुष्कळ काही मावतं: भार किती, कुठल्या गावचा, कुठल्या घरातून आला, तिथे त्याला काय म्हणत, कुणी घालत आणि का विकला. ‘का विकला’ हा रकाना बहुतेकदा एका शब्दात भरतो; बियाणं, दवाखाना, लग्न, शाळा. विकणाऱ्याला हे विचारायला जरा संकोच वाटतो, कारण मोराबद्दल विचारणं ही रसिकता आणि बियाण्याबद्दल विचारणं ही चौकशी ठरते. पण ते लिहायचं राहिलं तर शंभर वर्षांनी तो तोडा पुन्हा मुका होईल आणि कुणीतरी त्याच्या तोंडी मत्स्यावतार घालेल. ज्यांना विचारायला माणूसच उरलेलं नाही त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. तोडा उलटा करावा आणि आतून बघावा. बाहेरच्या बाजूला पीळ, फुलं, गजमुख, सगळं सोनाराचं. आतल्या बाजूला काही नसतं. फक्त जिथे घोट्याचं हाड वर्षानुवर्षं लागलं तिथे चांदी खोलगट आणि मऊ झालेली असते, एका पायातल्या तोड्याला थोडी जास्त. डोईवर भार घेतला की ती बाई कोणत्या पायावर रेलून उभी राहत असे, एवढं त्यावरून कळतं. काट्यावर ठेवलं तर हीच झीज घट म्हणून वजा होते.